अडीच म्हणालो, दीड होतं

आधी मुद्द्याचं सांगून टाकतो, कारण तोंडी सांगायला गेलो की दर वेळी कोणीतरी मधे बोलतं आणि ते राहून जातं. शिवडीच्या खाडीत पक्षी बघायला आलेल्या पाहुण्यांची होडी सात तास गाळात अडकली होती, तेव्हा पुढच्या टोकाला बसून पाण्याची खोली मोजणारा माणूस मी होतो. पाणी दीड हात होतं. मी ओरडून सांगितलं, अडीच. नंतर चौकशी झाली तेव्हा म्हणालो, मी दीडच सांगितलं होतं, मागे सुकाणू धरलेल्या तांडेलाला ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून तो तांडेल बहिरा ठरला. धक्क्यावर ठरला, बाजारात ठरला, घरात ठरला आणि शेवटी त्याच्या स्वतःच्या डोक्यातही ठरला.

एवढंच आहे. पण एवढंच योग्य माणसांच्या कानांवर घालायला मला चार वर्षं लागली, आणि घातल्यावरही ते सरळ कोणी घेतलेलं नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी लालबागचा. उमेदीची वर्षं गिरणीच्या टाइम ऑफिसात गेली. कोण किती वाजता आत आला ते लिहायचं. चार मिनिटं उशीर झाला म्हणून शेजारच्या खोलीतल्या माणसाचा अर्धा तास मी कापला आहे, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याबरोबर गॅलरीत उभं राहून चहाही प्यालो आहे. त्याने राग धरला नाही. टाइमकीपर खोटं लिहिणार नाही, असं चाळीत सगळे धरूनच चालायचे. गिरणी बंद झाल्यावर गोदीजवळच्या एका ऑफिसात कारकुनी केली, तीही संपली आणि घरी बसलो. बायको आधीच गेली होती. मुलाची नोकरी लोअर परळला, माझ्या जुन्या गिरणीच्या आवाराला लागून उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. सकाळी गेला की जेवायलाच घरी.

तांडेलाची ओळख मासळीमुळे झाली. त्याची बायको आमच्या बाजारात बसते. मी तिला वहिनी म्हणतो, ती मला भावजी म्हणायची. एकदा बोईट कापता कापता तिने विचारलं, "भावजी, तुम्हाला विंग्रजी येतं ना?"

"कामापुरतं येतं."

"मग आमच्या माणसाला जरा शिकवा. पाव्हण्यांना पक्षी दाखवायला नेतो नि नुसता हात करून 'बर्ड, बर्ड' करतो. एक बाई बोलली, दादा, बर्ड आहे ते आम्हाला पण दिसतंय."

बाजूच्या बायका हसल्या. मी त्या रविवारी धक्क्यावर गेलो आणि पुढची सहा वर्षं जातच राहिलो.

तांडेल माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान. सगळा जन्म मासेमारीत गेलेला. खाडीत मासळी कमी झाली तशी त्याने होडीवर ताडपत्रीचं छप्पर घातलं, बाकं बसवली आणि पाहुणे न्यायला सुरुवात केली. थंडीपासून मे महिन्यापर्यंत रोहित पक्षी, ज्यांना आता सगळे फ्लेमिंगोच म्हणतात. गणपतीनंतरच्या दिवसांत गळ टाकायच्या ट्रिपा. ऑफिसातली माणसं यायची, दोरीला कोळंबीचा तुकडा लावून पाण्यात सोडायची आणि शिंगाळा लागला की घाबरून दोरीच सोडून द्यायची. तांडेल मागून ओरडायचा, "काट्याला हात नका लावू! शिंगाळ्याला सांगून ठेवलंय मी, तो तुम्हाला खात नाय!" मी पक्ष्यांचं पुस्तक आणून नावं पाठ केली. कुरव कोणता, सुरय कोणता, तुतवार शेपटी कशी हलवतो, सगळं तीन भाषांत सांगायचो. कुरवांना वेफर टाकणाऱ्यांना दम द्यायचो. तांडेल मला टायमकीपर म्हणायचा. बऱ्याच वर्षांनी कोणीतरी मला त्या नावाने हाक मारत होतं.

आता बांबूचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

रोहित पक्षी गाळातलं बारीक खाद्य खातात. ओहोटी लागून गाळ उघडा पडला की ते उतरतात. पण त्याच ओहोटीने होडीखालचं पाणीही कमी होत जातं. म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं ते आणि आपण भ्यायचं ते, दोन्ही एकाच वेळी येतं. तांडेल मागे सुकाणूवर उभा राहायचा. मधे छप्पर आणि पाहुण्यांची डोकी, त्यामुळे त्याला पुढचं पाणी दिसायचं नाही. मी पुढच्या टोकाला बांबू घेऊन बसायचो. बांबूवर हाताहाताच्या अंतरावर लाल दोरा गुंडाळलेला आणि दीड हातावर एकच पांढरा पट्टा. बांबू गाळाला टेकवायचा, पाणी कुठवर आलं ते बघायचं आणि ओरडून आकडा द्यायचा. साडेतीन. तीन. अडीच. दोन.

"माझं डोळं मागं, तुझं फुडं," तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "दीड बोललास का मी वळलो. मग होडीत मिनिस्टर का बसला असंना, मी त्याला इचारणार नाय."

सहा वर्षं तो तसाच वळला. पाहुणे कुरकुरायचे, अजून थोडं जवळ चला म्हणायचे. मी "दीड!" म्हटलं की होडीचं नाक फिरलेलं असायचं. माझ्याकडे बघायचाही नाही. बघायची गरज नव्हती.

त्या दिवशी माझ्या मुलाने ऑफिसातली बारा माणसं आणली होती. त्याआधी तो एकदाही आला नव्हता. बाबा काय करतात असं कोणी विचारलं तर "रिटायर्ड" म्हणायचा आणि विषय बदलायचा. आणि त्या सकाळी होडीत पाय ठेवता ठेवता त्याने आपल्या साहेबांना सांगितलं, "माय फादर. ही नोज ऑल द बर्ड्स." सत्तरी गाठलेल्या माणसाला एवढ्याने फुगू नये. मी फुगलो.

नेमके पक्षी लांब होते. पलीकडच्या गाळावर फिकट गुलाबी रेघ दिसत होती, बस. मी पुस्तकातलं सगळं बोलून पाहिलं. साहेबांनी मोबाइल वर धरला, खाली केला आणि म्हणाले, "इससे अच्छा तो यूट्यूब पे दिखता है." सगळे हसले. माझा मुलगाही हसला.

मी बांबू टाकला. पाणी पांढऱ्या पट्ट्याला लागलं होतं.

"अडीच!" मी ओरडलो.

होडी पुढे सरकली. थोड्या वेळाने मागून आवाज आला, "किती? परत बोल!" त्याला शंका आली होती. इंजिनाच्या पंख्याने गाळ उचलला की मागचं पाणी काळं होतं, ते त्याला दिसलं असणार. मी पुन्हा बांबू टाकला. पाणी पट्ट्याच्याही खाली गेलं होतं.

"अडीच!"

"नक्की ना रं?"

"अडीच! येऊ दे!"

तो आला. माझ्या शब्दावर आला. आणि पक्षी उडाले. आधी कडेचे, मग सगळा थवाच पंखांखालचा लाल-काळा रंग उघडत आमच्या डोक्यावरून गेला. साहेब बाकावर उभे राहिले. बायका ओरडल्या. मुलाने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यासाठीच मी हे केलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं.

होडी गाळात बसते तेव्हा धक्का वगैरे बसत नाही. गादीवर टेकावं तशी ती टेकते. इंजिनाचा आवाज बदलला, तांडेलाने ते बंद केलं आणि काही क्षण सगळ्यांना वाटलं की पक्षी नीट बघता यावेत म्हणूनच तो थांबला आहे.

मग सात तास. सकाळी साडेअकरा ते संध्याकाळी साडेसहा. पाणी अजून उतरायचं होतं, मग चढायचं होतं. एका उत्साही गृहस्थांनी ढकलायला म्हणून खाली पाय टाकला तो मांडीपर्यंत गाळात गेला. त्यांना त्याच बांबूने ओढून काढलं, बूट तिथेच राहिला. एका बाईंना उन्हाने घेरी आली. बायकांसाठी मागच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा धरावा लागला, तो तांडेलाने पाठ फिरवून धरला. आपल्या कॅनमधलं पाणी त्याने सगळ्यांना वाटलं आणि प्रत्येकापुढे हात जोडले. "माझी चूक. माफी करा. पाणी चढल्याबरोबर नेतो." कोणीतरी त्याचं ते हात जोडणं मोबाइलवर घेतलं. मी पुढे बांबू धरून गप्प बसलो होतो. ती क्लिप दोन दिवसांत सगळीकडे फिरली. खाली लोकांनी लिहिलं होतं, बेवडा असणार. त्याने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही.

कोणाला काही इजा झाली नव्हती म्हणून प्रकरण धक्क्यावरच मिटवायचं ठरलं. होडीवाल्यांची बैठक बसली. दहा-बारा माणसं, जाळी वाळत घातलेल्या जागेच्या बाजूला. वयाने मोठा एक होडीवाला होता, त्याने विचारलं, "टायमकीपर, तू किती बोललास?"

इथे मी सांगू शकलो असतो. चूक झाली, हावरेपणा झाला, शिव्या घाला. घातल्याही असत्या आणि पुढच्या रविवारी विसरलेही असते. पण कोपऱ्यात माझा मुलगा उभा होता, मला न्यायला आलेला.

"दीड," मी म्हणालो.

"मी अडीच ऐकलं," तांडेल म्हणाला.

मग एकजण हसला. "दीड नि अडीच? अरे, यात काय सारखं हाय? पाच नि पाचशे ऐकशील उद्या! घरी बस नि जाळी शिव."

सगळे हसले. तांडेल नाही हसला. तो माझ्याकडे बघत होता. "तू दीड बोललास?"

"हो."

"तिन्ही येळा?"

"तिन्ही वेळा."

त्याने मान हलवली. वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने आपल्या कानाला हात लावला, जसा आपण दुखऱ्या दाताला गालावरून लावतो.

बोटीवरचं खोटं पक्ष्यांसाठी होतं म्हणा, मुलासाठी होतं म्हणा. हे दुसरं खोटं कशासाठी होतं ते मला आजही धड सांगता येत नाही. टाइमकीपर खोटं बोलत नाही, ही ख्याती टिकवायला मी खोटं बोललो, असं लिहिलं तर ते फार शहाणपणाचं वाटतं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो.

पुढचं आणखी वाईट आहे. त्याच्या कानांची तपासणी करायला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात त्याला मीच घेऊन गेलो. केसपेपर काढायला मीच रांगेत उभा राहिलो. मला वाटत होतं, तपासणीत कान ठणठणीत निघतील आणि सगळं आपोआप सुटेल. डॉक्टर म्हणाले, "जन्मभर इंजिनाजवळ काम केलंय, थोडं कमी असणारच. मशीन लावून बघा." थोडं! त्या "थोडं" शब्दाने मला चार वर्षं वाचवलं आणि चार वर्षं छळलं. कमी ऐकू येत होतं, हे खरंच होतं. पण त्याने तो अडीच बरोबर ऐकला होता, हेही खरं होतं. पहिल्या खऱ्याने दुसरं झाकून टाकलं.

त्याने मशीन लावलं आणि सुकाणू सोडलं. "आज दीडचं अडीच ऐकलं, उद्या कोणाचं पोर बुडवीन," म्हणाला. होडी पुतण्याने वर्षभर चालवली आणि विकून टाकली. इंजिनही गेलं. तांडेल दारात बसून लोकांची जाळी दुरुस्त करायला लागला. वहिनी त्याच्याशी ओरडून बोलायला लागल्या. बाजारात ओरडायचं, घरी येऊन ओरडायचं. "चा-हा घे-णा-र का?" असं एकेक अक्षर तोडून. मी महिन्यातून एकदा जायचो, केळी नाहीतर खारी घेऊन. तो माझ्या तोंडाकडे बघत ऐकायचा. मी बोलत असताना त्याची नजर ओठांवर असायची, हे मला सहन व्हायचं नाही, आणि तरी मी जायचो.

ह्या हिवाळ्यात मुलगा म्हणाला, "बाबा, खाडीत नवीन बोट सुरू झालीय. मस्त आहे म्हणे. जाऊन या एकदा, घरात बसून असता." तिकीट त्यानेच काढून दिलं.

मोठी बोट. नारिंगी जॅकेटं, माईक, स्पीकर, चहा-बिस्किटं. गाइड तिशीचा, हुशार, पक्ष्यांची माहिती माझ्यापेक्षा चांगली. अर्ध्या वाटेवर त्याने माईक जवळ घेतला आणि आवाज खाली आणला. "मित्रांनो, आता आपण एका ऐतिहासिक जागेवर आलो आहोत. इथे एका बहिऱ्या तांडेलाने सात तास पब्लिकला चिखलात बसवलं होतं. पुढचा माणूस ओरडतोय दीड, दीड! आणि हा म्हणतो, काय? अडीच? चलो आगे!"

सगळी बोट हसली. हे तो रोज सांगत असणार, दिवसातून दोनदा, हे त्याच्या थांबण्याच्या जागांवरून कळत होतं.

मी उभा राहिलो. "तो बहिरा नव्हता."

"काका, बसून घ्या, बोट हलतेय."

"मी सांगतो काय झालं ते. तो बहिरा नव्हता. पुढच्या माणसाने खोटं सांगितलं होतं."

"काका त्या बोटीवर होते वाटतं!" गाइड माईकवर म्हणाला आणि लोक पुन्हा हसले.

"होतो. पुढचा माणूस मीच आहे!"

"अरे वा! टाळ्या काकांसाठी!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. माझ्या शेजारच्या बाई कौतुकाने म्हणाल्या, "किती छान, या वयात पण येता तुम्ही." मी आणखी काही म्हणणार तेवढ्यात डाव्या अंगाला पक्षी दिसले आणि सगळी माणसं त्या बाजूला गेली. गाइडने मला हाताला धरून बसवलं आणि बिस्किटांचा पुडा दिला.

तो पुडा न फोडता मी धक्क्यावर उतरलो आणि तसाच तांडेलाकडे चालत गेलो. तो दारात जाळं मांडीवर घेऊन बसला होता. मी समोर स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. पाणी किती होतं, मी काय म्हणालो, बैठकीत काय म्हणालो. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. संपल्यावर हसला.

"मना बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"अरे, नाही! खरं सांगतोय."

"तू हिसाबाचा माणूस. तू दीडला अडीच बोलशील? माझ्यापायी खोटं नको बोलू, टायमकीपर. झालं ते झालं. माझं कान गेलं, तुझा काय दोष?"

"तुझे कान गेले नव्हते रे! मी..."

"वरडू नको," तो समजुतीने म्हणाला, "मशीन हाय ना, ऐकू येतं."

आतून वहिनी ओरडल्या, "भाव-जीं-ना चा-हा इ-चा-र!"

मी घरी आलो. चार वर्षं एक वाक्य तोंडात धरून ठेवावं आणि ते ओकल्यावर समोरच्याने दया म्हणून परत करावं! जेवताना मुलाला सगळं सांगितलं. त्याने ताटातून मान वर केली नाही.

"मला माहीत आहे, बाबा. मी तुमच्या मागच्याच बाकावर होतो."

"ऐकलं होतंस?"

"तिन्ही वेळा. व्हिडिओ पण आहे. पक्ष्यांचा घेतलेला. त्यात तुमचा आवाज आहे."

"आणि तू गप्प बसलास?"

आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बसलात म्हणून बसलो. बैठकीत मी कुठे उभा होतो ते तुम्हाला माहीत आहे. मी काय मधे बोलायला हवं होतं, माझे बाबा खोटं बोलतायत?" मग पुन्हा ताटाकडे बघत, "जाऊ द्या ना आता. त्यांना तसंही कमी ऐकू येतं."

त्या दिवशी मी मुलावर हात उगारला नाही, कारण तो पन्नाशीला आला आहे आणि चूक माझी होती. व्हिडिओ शोधायला त्याला चार दिवस लागले. जुना फोन बदललेला, मग कुठल्यातरी साठ्यात होता, त्याचा पासवर्ड आठवेना. रोज विचारायचो, रोज म्हणायचा, बघतो. शेवटी रविवारी सकाळी त्याने माझ्या मोबाइलवर पाठवला आणि कसा लावायचा ते दोनदा दाखवलं.

तांडेल तिथेच बसला होता. मी म्हणालो, "मशीन काढ."

"का रं?"

"काढ म्हणतो ना."

त्याने काढून मांडीवर ठेवलं. मी मोबाइल त्याच्या हातात दिला. चित्र हलत होतं, ऊन फार होतं, पक्षी लांब दिसत होते. मग माझा आवाज, इंजिनाच्या वरून, स्वच्छ. "अडीच!" मग त्याचा, "किती? परत बोल!" मग पुन्हा माझा. मग "नक्की ना रं?" आणि पुन्हा माझा. मग पंखांचा आवाज आणि बायकांचं ओरडणं.

त्याने परत लावायला सांगितलं. तीन वेळा लावलं. तिसऱ्यांदा संपल्यावर तो म्हणाला, "विंजन काय सुरेख वाजतंय."

ते इंजिन आता कुठल्या गावी कोणाच्या होडीवर आहे ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"एकदा बोलला असतास तर चुकला बोललो असतो," तो म्हणाला. "मी तुना परत इचारलं. दोनदा इचारलं."

"हो."

"दवाखान्यात पण आलास."

"हो."

वहिनी आतून ओरडल्या, "को-ण हा-य?" तो वळून म्हणाला, "वरडू नको. ऐकू येतं." त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्याने त्यांच्या हातात मोबाइल दिला आणि मला म्हणाला, "हिला सांग. मग चल धक्क्यावर. जे हसलेले त्यांना सांग."

वहिनींनी ऐकून घेतलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "चार वर्सं मी ह्या माणसावर वरडतेय." आणि आत गेल्या. चहाचं कोणी विचारलं नाही.

धक्क्यावर तो माझ्या मागे दोन पावलं चालत होता. बैठकीत हसलेल्यांपैकी पाचजण सापडले. एक वारला होता, दोन गाव सोडून गेले होते. मी सांगायला सुरुवात केली आणि पहिलाच म्हणाला, "जाऊ दे ना, टायमकीपर, कवाची गोष्ट." दुसरा म्हणाला, "तसा त्याला कमी येतंच की ऐकायला." मी आवाज चढवला. व्हिडिओ लावला, तर वाऱ्यात त्यांना काही ऐकू येईना. एकजण मोबाइल कानाला लावून म्हणाला, "काय बोलतोय, साडेतीन?"

तेव्हा मागून तांडेल म्हणाला, "किती बोललास ते सांग."

"अडीच."

"आणि होतं किती?"

"दीड."

"ऐकलंत?" त्याने पाचही जणांकडे एकेक करून पाहिलं. आता कोणी हसलं नाही. मशीन त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. तो घराकडे वळला आणि मला चल म्हणाला नाही.

त्यानंतर मी त्याच्याकडे गेलेलो नाही. बाजारात वहिनी मासळी देतात, पण निवडून देत नाहीत आणि भावजी म्हणत नाहीत. परवा कोणीतरी सांगितलं की तांडेल कधीमधी दुसऱ्यांच्या होडीवर जातो, सुकाणूवर उभा राहतो, मशीन कधी लावतो कधी नाही. बरं झालं. मला ते दुसऱ्याकडून कळलं, तेही बरोबरच झालं.

पण गोष्ट धक्क्यावरून त्या गाइडपर्यंत पोचली. मुलाच्या ऑफिसातलं कोणीतरी गेल्या आठवड्यात त्या बोटीवर जाऊन आलं आणि मुलाने मला जेवताना सांगितलं, सांगू की नको करत. गाइडने बहिऱ्या तांडेलाचा विनोद बंद केला आहे. आता तो म्हणतो, "इथे एक रिटायर्ड क्लार्क पुढे बसला होता, बिचाऱ्याला मोजताच येईना! दीडला अडीच समजला!" लोक तितकेच हसतात.

मी त्या बोटीच्या ऑफिसात दोनदा फोन केला. एका बाईंनी "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे" असं सांगितलं. तिसऱ्यांदा मुलाने फोन हातातून काढून घेतला. "बाबा, तुमचं नाव तरी घेत नाही ना तो? मग?"

मग काय! चूक म्हटलं की त्यात कोणाचा दोष राहत नाही. चूक म्हणायची ती संधी तांडेलाने 'परत बोल' म्हणून मला होडीतच दिली होती, तेव्हाही मी ती घेतली नव्हती. मला मोजता येत होतं. गिरणीत आयुष्यभर दुसरं काही केलं नाही. बांबू गाळाला सरळ टेकला होता, ऊन समोरून नव्हतं, डोळ्यांवर चष्मा होता. पाणी पांढऱ्या पट्ट्याला लागलं होतं आणि ते मी नीट बघितलं होतं.